सतरावी केरसुणी

रखमाबाईंचं पत्र माझ्या टेबलाच्या उजव्या खणात आठ महिने पडून होतं. फेब्रुवारीत आलं, तेही रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसकट. रखमाबाईंचं घर माझ्या खिडकीतून दिसतं. मध्ये एक गटार, एक चिंचेचं झाड आणि फार तर तीनशे पावलं. तरी त्यांनी ते पत्र नाक्यावरच्या पोस्टात नेऊन टाकलं. तिथून ते ठाण्याला गेलं असणार. मग पुन्हा बाळकुमला आलं आणि पोस्टमननं माझी सही घेतली. अक्षर त्यांच्या नातीचं, सान्वीचं होतं. ती कॉलेजात आहे. रजिस्टर पत्राला उत्तर द्यावंच लागतं, असं तिनं आजीला सांगितलं असावं. आजच्या मुलांचा कागदावर अजून एवढा विश्वास आहे, हे पाहून मला बरं वाटलं आणि मी पत्र खणात ठेवून दिलं.

मजकूर थोडाच होता. ‘मी आपल्या गावदेवी शॉपिंग सेंटरच्या पायरीवर, सेंटर बांधलं त्या वर्षापासून, सुकी मासळी विकत आले. आता पायरीवर तुम्ही कुंड्या ठेवल्या. सेंटरात सतरा गाळे बंद आहेत. त्यातला एक मला भाड्यानं मिळावा. वास येऊ नये म्हणून झाकणाचे डबे घेईन. द्यायचा नसेल तर तसं कळवावं, म्हणजे मी वाट बघणार नाही. उत्तर द्यावे.’

मी सेंटरच्या सोसायटीचा चिटणीस. ही निवड माझ्या कर्तृत्वामुळे झाली असा कोणाचा गैरसमज नको. मी ठाण्याच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. शिकवलं कधीच नाही, पण चष्म्यामुळे गावात सगळे मला मास्तर म्हणतात आणि अक्षर बरं म्हणून सभेचं इतिवृत्त माझ्या गळ्यात पडलं. शिवाय मी सभेत बोलत नाही. चिटणिसात हा गुण फार मोलाचा मानतात.

रखमाबाईंच्या पत्राला मी नऊ मसुदे केले. पहिल्यात ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’ असं होतं. ते खोटं वाटलं, कारण कोणीच विचार करत नव्हतं. चौथ्यात मी त्यांच्या कष्टांविषयी एक परिच्छेद लिहिला. तो मला इतका आवडला की संशय आला, आणि मी तो खोडला. सातव्यात फक्त ‘नाही’ होतं. त्याखाली सही करायला हात धजेना. आमच्या सौभाग्यवती, उत्तराबाई, एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “तुम्ही त्या बाईला उत्तर देताय की तिच्यावर प्रबंध लिहिताय?”

सेंटरविषयी सांगितलं पाहिजे. बाळकुम गाव होतं तेव्हा इथे भाताची खाचरं होती. बिल्डर आले, जमिनी गेल्या, आणि जमीनवाल्यांना घरांबरोबर एकेक गाळाही मिळाला. असं हे बावीस गाळ्यांचं दुमजली सेंटर झालं. उद्घाटनाला बँड होता. आज बावीसपैकी पाच चालू आहेत: पिठाची गिरणी, न्हावी, औषधवाला, एक शिंपी आणि मोबाइल दुरुस्ती. सतरा बंद. बंद म्हणजे ओसाड नव्हेत. त्यांना मालक आहेत, कुलपं आहेत, आणि वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला, सतराही मालक सहकुटुंब येतात. शटर वर होतं, फरशी पुसली जाते, रिकाम्या गाळ्यात लक्ष्मीची पूजा होते, ‘धंद्याला बरकत दे’ अशी प्रार्थना होते, आणि नऊच्या आत शटर खाली येतं. धंदा नसताना बरकत मागायची ही पद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही. देवीची मात्र तक्रार ऐकली नाही.

गाळे भाड्यानं का देत नाहीत, तर पुनर्विकास होणार आहे. तो गेली बारा वर्षं होणार आहे. भाडेकरू बसला की हक्क सांगतो, आणि मग टॉवरमध्ये मिळायच्या गाळ्यात वाटेकरी येतो. त्यामुळे प्रत्येकाला सेंटर गजबजलेलं हवं आहे आणि प्रत्येकाला वाटतं की गजबजाट शेजारच्या गाळ्यानं करावा.

हे मी वरून पाहिल्यासारखं लिहितो आहे, म्हणून कबूल करतो: चौदा नंबरचा गाळा माझा आहे. निवृत्तीनंतर तिथे वाचनालय काढायचं म्हणून घेतला. पुस्तकं नेऊन ठेवली, कपाटं केली, पाटीसुद्धा रंगवली. मग वाटलं, कोण येणार. मग वाटलं, आले तर काय बोलायचं. शेवटी कुलूप लावलं. सतरांत मी एक आहे.

दोन वर्षांपूर्वी सेंटरच्या पुनरुज्जीवनासाठी समिती झाली. सतरा बंद गाळ्यांच्या मालकांचीच. चालू गाळेवाल्या पाचांना बोलावलं नाही, कारण त्यांना दुकानं सोडून सभेला यायला वेळ नव्हता. अध्यक्ष काळुरामशेठ, ज्यांचा गाळा सगळ्यांत आधी बंद झाला. त्यांनी सल्लागार आणला: साकेत, समोरच्या टॉवरमधला हसतमुख तरुण, जो परदेशातल्या गावांचे बाजार कसे जिवंत केले याची चित्रं भिंतीवर दाखवायचा. त्या चित्रांत सगळे लोक कॉफी पीत असत.

साकेतनं महिनाभर पाहणी केली आणि निष्कर्ष मांडला. “काका, बेसिकली लोक येतायत. रोज तीनेकशे येतायत. पण सगळे पायरीवर थांबतात आणि तिथूनच परत जातात. पायरी ब्लॉक झालीये.”

पायरीवर रखमाबाई आणि आणखी पाच-सहा बायका बसत. सुकट, बोंबील, जवळा, पावसाच्या तोंडावर शेवळं ही रानभाजी, सणाला केरसुण्या आणि झेंडू. तीनशे लोक त्यांच्याकडे येत. त्यातले काही जाता जाता गिरणीत दळण टाकत, न्हाव्याकडे बसत. साकेतचं म्हणणं, ही अडवणूक काढली की तीनशेही आत शिरतील. आत कशासाठी शिरतील, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. इतिवृत्तात आपल्या मनातलं लिहायचं नसतं.

ठराव झाला. पायरीवर रेलिंग आणि कुंड्या आल्या. बायका रस्ता ओलांडून मेट्रोच्या खांबाखाली बसायला लागल्या. तीनशे लोकही रस्ता ओलांडून गेले. पंधरा दिवसांनी गिरणीवाला माझ्याकडे येऊन म्हणाला, मास्तर, तुमच्या कुंड्या दळण दळत नाहीत. तेही मी इतिवृत्तात घेतलं नाही.

त्याच सुमारास रखमाबाईंचं पत्र आलं. मी ते सभेपुढे ठेवलं. वासाचा मुद्दा निघाला. सेंटरला प्रीमियम लूक द्यायचाय आणि दारात बोंबील, असं एक सभासद म्हणाले. काळुरामशेठ मान डोलवत होते. त्यांचा ड्रायव्हर दर रविवारी सकाळी खांबाखालून जवळा नेतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. विषय पुढच्या सभेवर ढकलला. पुढच्या सभेत आणखी पुढच्या. मी दर वेळी सुवाच्य अक्षरात ‘विषय राखून ठेवण्यात आला’ लिहीत गेलो, आणि त्या ओळीमागे मला फार सुरक्षित वाटायचं.

रखमाबाई रस्त्यात भेटायच्या. मी मान खाली घालायचो. त्या एकदाच बोलल्या, मे महिन्यात: “मास्तर, पोस्टमन आजारी हाय का?” मी म्हणालो, नाही, मला वाटतं बरा आहे. घरी येईपर्यंत मला त्या प्रश्नाचा रोख कळला नव्हता.

गणपतीनंतर साकेतनं बातमी आणली. एका बँकेला या भागात शाखा उघडायची आहे. बँक आली की पुनर्विकासात सेंटरचा भाव चढणार. बँकेच्या विभागीय व्यवस्थापक आसावरीबाई जागा बघायला येणार होत्या. त्यांना सेंटर भरलेलं कधी दाखवायचं? लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सतराही शटर आपोआप वर असतात. त्यालाच पुनरुज्जीवनाचा सोहळा म्हणायचं ठरलं. फक्त गाळे रिकामे दिसता कामा नयेत, म्हणून ज्यानं त्यानं घरून माल आणायचा.

त्या संध्याकाळी मी जे पाहिलं ते मला पुरतं वर्णन करता येईल असं वाटत नाही. तीन नंबरमध्ये एका सभासदाचा घरचा मिक्सर, इस्त्री आणि टेबलफॅन मांडून ‘इलेक्ट्रॉनिक्स’ अशी पाटी होती. सहा नंबरमध्ये नातवंडांची खेळणी होती, त्यात एक बिनचाकाचा ट्रक. काळुरामशेठच्या गाळ्यात त्यांची सून रसिका हिच्या लग्नातल्या साड्या दोरीवर लावल्या होत्या. माझ्या चौदा नंबरात मी पुस्तकांवरची धूळ झटकून बसलो होतो. खोटं बोलावं न लागलेला मी एकटाच, असं स्वतःला सांगत होतो. माझी पुस्तकं खरी होती. दुकान तेवढं खोटं होतं.

आसावरीबाई सहा वाजता आल्या. बाई साध्या आणि मनानं चांगल्या, आणि त्यामुळेच घोटाळा झाला. साड्यांपुढे थांबून त्या म्हणाल्या, आज लक्ष्मीपूजन, भवानी माझ्या हातची होऊ द्या. दिवसाची पहिली विक्री नाकारायची नसते, आणि लक्ष्मीपूजनाला तर नाहीच नाही. त्यांनी नेमका रसिकाचा लग्नातला शालू निवडला. काळुरामशेठनी सुनेकडे पाहिलं. रसिकानं सासऱ्यांकडे पाहिलं. मग तिनं हसत, दात आवळून, शालूची घडी घातली. पिशवी नव्हती. शालू औषधवाल्याच्या पिशवीतून गेला.

गुरुजी येऊन बसले. मुहूर्त साडेआठपर्यंत होता. चौरंग, नारळ, लाह्या-बत्तासे, सगळं सतरा ठिकाणी मांडलेलं. गुरुजींनी पहिल्या गाळ्यात नजर फिरवली आणि विचारलं, केरसुणी कुठे आहे?

पहिल्या गाळ्यात नव्हती. दुसऱ्यातही नव्हती. सतरांत एकाकडेही नव्हती. लक्ष्मी म्हणून नवी केरसुणी पुजायची, हे सगळ्यांना माहीत होतं; ती आदल्या दिवशी आणून ठेवायची गरज कोणाला कधी पडली नव्हती. इतकी वर्षं गाडीतून उतरायचं, पायरी चढता चढता रखमाबाईंकडून एक उचलायची आणि आत जायचं, अशीच रीत होती. पायरीवर आता कुंड्या होत्या. चालू गाळेवाल्या पाचांनी सकाळीच रस्ता ओलांडून आपापल्या केरसुण्या आणून ठेवल्या होत्या. त्यांतली एकही ते उसनी द्यायला तयार नव्हते. लक्ष्मी उसनी देत नाहीत.

साकेत म्हणाला, नो टेन्शन, दहा मिनिटांत मागवतो. अकराव्या मिनिटाला सतरा झाडू आले. निळ्या प्लॅस्टिकच्या दांड्यांचे, वर किमतीचं लेबल. गुरुजींनी एक हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि परत दिला. ते म्हणाले, यानं जळमटं काढता येतील.

तेव्हा काळुरामशेठ माझ्याकडे वळले. “मास्तर, तुम्ही जा. पत्रव्यवहार तुमच्याकडे असतो.”

मी रस्ता ओलांडला. खांबाखाली जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. पुढे घुसणं मला जमत नाही, म्हणून रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे सात जण होते. रेलिंगमागे रेशमी कुडत्यांत सोळा मालक आणि एक सल्लागार माझ्याकडे पाहत होते. माझी पाळी आली.

“सतरा केरसुण्या हव्यात,” मी म्हणालो.

“कोनाला?”

“सेंटरला.”

“सेंटर झाडायला लागला का आता?” रखमाबाई म्हणाल्या. आजूबाजूच्या बायका हसल्या. मी पूजेचं सांगितलं, मुहूर्ताचं सांगितलं.

“आनि माझ्या कागदाचा मुहूर्त कवा हाय?”

मी म्हणालो की विषय समितीपुढे आहे. हे वाक्य मला पाठ आहे.

त्यांनी हातातली जवळ्याची पुडी बांधून गिऱ्हाइकाला दिली. मग हात पदराला पुसले. “समितीचं मना नका सांगू. काळ्या माझ्या मांडीवर वाढलाय, त्याला मी रस्त्यात पन विचारला असता. मी कागद तुमच्या नावानं लिवला. का, तर तुमी वाचनारं मानूस. बाकी त्या सेंटरात वाचतंय कोन?”

मी खिशात पैसे शोधायला लागलो.

“नाय तर नाय लिवायचं, मास्तर. नाय म्हनलं म्हनून मी काय रडत नव्हते. आठ महिने पोस्टमन दिसला का मी धंदा टाकून उभी ऱ्हाते. पोरगी म्हनते, आजी, येईल.”

हे त्या ओरडून बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग त्या गठ्ठ्याकडे वळल्या. लक्ष्मीला अडवू नये, असं स्वतःशीच म्हणाल्या आणि मोजून सोळा केरसुण्या माझ्या हातांत रचल्या. सतरावी उचलली, आणि आपल्या पाठीमागे ठेवली.

“ही तुमच्या गाळ्याची. ही मी देनार नाय. कागद आला का मी सोता घेऊन येईन. नायतर माझ्या घरी ऱ्हाईल.”

सोळा केरसुण्या छातीशी धरून मी परत आलो. सोळा पूजा मुहूर्तावर झाल्या. गुरुजी चौदा नंबरपाशी आले, चौरंग पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, आमच्याकडे या वर्षी नाही. सुतक आहे असं समजून ते पुढे गेले.

आसावरीबाई या सगळ्या वेळात कुंड्यांवरून पलीकडे पाहत होत्या. ती गर्दी कसली, त्यांनी विचारलं. साकेत म्हणाला, ते अनऑर्गनाइज्ड आहे, मॅडम. त्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

बँक माझ्यासारखी नसते. पंधरा दिवसांत त्यांचं उत्तर आलं. सेंटर आवडलं, स्वागताबद्दल आभार; शाखा मात्र रस्त्याच्या पलीकडे, मेट्रोच्या खांबासमोरच्या इमारतीत उघडणार, कारण लोक तिथे थांबतात.

तातडीची सभा भरली. आधी सोहळ्याच्या यशाबद्दल अभिनंदनाचा ठराव झाला. साकेतनं आलेख दाखवला. त्या संध्याकाळी सेंटरात सहापट माणसं आली होती. त्यात सतरा कुटुंबं आणि गुरुजी धरले होते. रसिकाचा शालू ‘प्रत्यक्ष विक्री’ या रकान्यात होता. मग बँकेच्या पत्रावर चर्चा झाली आणि समितीला आपल्या अपयशाचं कारण सापडलं: पलीकडच्या बायका. त्यांनी गिऱ्हाईक पळवलं, आता बँकही पळवली. खांबाखालचं अतिक्रमण हटवावं असं पत्र ताबडतोब महापालिकेला द्यायचं ठरलं. एकमतानं. मी विरोध केला नाही. मी लिहीत होतो.

काळुरामशेठ उठता उठता म्हणाले, “मास्तर, उद्याच्या उद्या टाका. तुमचं अक्षर आहे, लगेच दखल घेतात.”

रखमाबाईंच्या पत्रासाठी मला आठ महिने होते. यासाठी एक दिवस. घरी आलो आणि टेबलाशी बसलो. महापालिकेच्या पत्राची पहिली ओळ, खरं सांगतो, झरकन आली. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ इथपर्यंत मी लिहिलंसुद्धा. अशी वाक्यं माझ्या हातातून किती सहज वाहतात ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. नऊ मसुद्यांत मी अडलो होतो तो भाषेमुळे नव्हे. चिटणीस म्हणून मला गाळा देता येत नव्हता, आणि गाळा असलेला माणूस म्हणून मी त्या पत्राकडे पाहिलंच नव्हतं.

बायकोला, उत्तराला, विचारलं, चौदा नंबर दिला तर? ती म्हणाली, काळुरामशेठ तुम्हाला चिटणीस ठेवणार नाहीत. मी म्हणालो, हो. तिनं विचारलं, पुनर्विकासात भाडेकरू म्हणून रखमाबाईंनी हक्क सांगितला तर? मी म्हणालो, सांगू देत. माझ्या हक्कानं गाळ्यात इतकी वर्षं काय केलं? तिनं माझा रिकामा कप उचलला. मग म्हणाली, “आणि पुस्तकं?”

“मागच्या भिंतीला राहतील. बोंबलाचा वास लागेल.”

“लागू दे. इतक्या वर्षांत त्यांना काहीच लागलेलं नाही.”

दहावा मसुदा चार ओळींचा झाला. ‘रखमाबाईंस नमस्कार. चौदा नंबरचा गाळा तुम्हाला भाड्यानं दिला आहे. किल्ली सोबत आहे. उत्तराला उशीर झाला, चूक माझी आहे. केरसुणी घेऊन या.’ मोजून पाहिलं तर ओळी पाच होत्या. खाली फक्त नाव लिहिलं, चिटणीस लिहिलं नाही. नावाखाली जागा मोकळी दिसायला लागली, तरी काही घातलं नाही.

महापालिकेच्या पत्राचा कागद उजव्या खणात, रखमाबाईंच्या पत्राच्या जागी ठेवला. त्याचा पहिला मसुदा मला तितकासा पसंत नाही. आठेक महिने तरी लागतील.

पाकीट हातात घेऊन मी चिंचेपर्यंत गेलो. सरळ जाऊन दारात द्यावं, तीनशे पावलं तर आहेत. पण दारात काय बोलायचं ते सुचेना, आणि त्या तर पोस्टमनची वाट पाहत होत्या, माझी नाही. मी नाक्याकडे वळलो.

पोस्टातल्या खिडकीवरच्या बाईंना म्हणालो, रजिस्टर करायचंय.

“रजिस्टर बंद झालं, आजोबा. आता सगळं स्पीड पोस्टात.”

मी उत्तर द्यायला इतका वेळ लावला होता की तोवर त्या पत्राचा प्रकारच बंद पडला. स्पीड पोस्टानं पाठवा म्हणालो. त्यांनी पाकीट वजनाला ठेवलं, बोटांनी चाचपलं आणि आत काय आहे विचारलं. मी म्हणालो, किल्ली. त्यांनी पत्ता वाचला, मग पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“दोन्ही बाळकुमच. आजोबा, हे तर समोर आहे. चालत नेऊन द्या ना.”

“नको,” मी म्हणालो. “त्यांनी पोस्टानं पाठवलं होतं.”

बाईंनी खांदे उडवले, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.